घाबरायचं काम तांब्याचं

माझ्या सत्ताविसाव्या वर्षी माणसाचं मन एकशे बेचाळीस ओळींत बसतं अशी माझी खात्री पटली होती. एकशे बेचाळीसच का, तर तोपर्यंत तेवढ्याच लिहून झाल्या होत्या.

नांदेडच्या एका कॉलेजात मी तेव्हा कॉम्प्युटर शिकवायचे. शिकवायचे म्हणजे फळ्यावर कॉम्प्युटरचं चित्र काढायचे. खरे कॉम्प्युटर तीन होते, ते एसीच्या खोलीत असत आणि त्यांच्या दर्शनाला चपला बाहेर काढून जावं लागे. त्यातल्या एकावर माझं एम.फिल. चाललं होतं. विषय होता, भ्यालेला माणूस निर्णय कसा घेतो. मी तो सगळा 'जर' आणि 'तर' यांत लिहीत होते. जर धूर दिसला आणि जर जळका वास आला, तर आग आहे. जर आग आहे आणि जर दार उघडं आहे, तर बाहेर जा. अशी वाक्यं एकावर एक रचत गेलं की शेवटी अख्खं मन उभं राहतं, असं माझ्याजवळची पुस्तकं सांगत आणि मी मान डोलवी. स्वतः मी तोवर झुरळापलीकडे कशाला भ्याले नव्हते. भीतीवर प्रबंध लिहायला स्वतः भ्यायची काय गरज, असा तोरा. त्या काळचा माझा एक फोटो आहे. केस ताणून बांधलेले, मोठा चष्मा, फ्लॉप्यांचा डबा दागिन्यांच्या डब्यासारखा छातीशी धरलेला. नात तो पाहून विचारते, "आजी, ही बाई एवढी कुणावर रागावलीय?" रागावलेली नाही गं, ती हुशार आहे. हुशार दिसायचा तेवढा एकच प्रकार मला तेव्हा येत होता.

आमच्याच कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सचे एक सर होते. त्यांच्याशी पुढे माझं लग्न झालं. ही बातमी शेवटाला राखून ठेवणार होते, पण वाचणाऱ्यांना अशा गोष्टी दुसऱ्याच पानावर कळतात, म्हणून आत्ताच सांगून मोकळी होते. सरांचं मत अगदी उलटं. मनात नियमबियम काही नसतात, असं ते म्हणत. बारक्या बारक्या पेशींचं एक जाळं असतं, प्रत्येक धाग्याला कमीजास्त वजन असतं. जाळ्याला उदाहरणं दाखवत राहायची, चुकलं की वजनं थोडी हलवायची, असं करता करता ते शिकतं. काय शिकलं ते मात्र त्याला सांगता येत नाही. ते म्हणायचे न्यूरल नेटवर्क. मी म्हणायचे सरांची भेळ.

"मॅडम, तुमचं मन म्हणजे ग्रामपंचायतीचा ठराव," ते स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत म्हणत. "वाचून दाखवला की संपला. अंमल कोण करणार?"

सरांनी एक जाळं खरंच तयार केलं होतं. कागदावर लिहिलेले मराठी आकडे ते ओळखायचं. सरांनी स्वतःच्या हाताने शेकडो आकडे लिहून त्याला शिकवलं होतं. मग एक दिवस आमच्या प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांनी एक पाच लिहिला, तर जाळं म्हणालं, चार. दुसरा लिहिला, तरी चार. सर म्हणाले, "मामांचं अक्षर चुकीचं आहे." मी आठ दिवस हसत होते. ही गोष्ट लक्षात ठेवा. आम्ही ठेवली नाही.

मग तो भूकंप आला, गणपती विसर्जनाच्या मागोमाग. नांदेडात आमच्या मांडणीवरची भांडी वाजली, एवढंच. पण माझी थोरली बहीण औसा तालुक्यात दिलेली होती, किल्लारीपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर. तिचं घर म्हणजे दगडमातीच्या भिंती आणि वर हातभर मातीचं माळवद. बहीण आणि मेव्हणे अंगणात निजले होते, ते वाचले. आत भाची होती आणि तिच्याशेजारी तिची आजी. भाची लातूरला बारावी सायन्सला, होस्टेलवर राहायची. गणपतीसाठी म्हणून दोन दिवस गावी आली होती. उजाडल्यावर काही तासांनी तिला मातीतून काढलं. आजीला त्यानंतर; ती गेली होती. छावणीत एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तिच्या पायाला टाके घातले, आणि टाके घालताना म्हणे सारखं विचारत होत्या, "कोणत्या विषयाला किती मार्क होते गं?" पोरीला डॉक्टर आधीपासूनच व्हायचं होतं. आता तिला दुसरं काही दिसेना.

दसऱ्यानंतर मेव्हण्यांनी तिला आमच्याकडे नांदेडला आणून सोडलं. गावात सगळी पत्र्याच्या शेडमध्ये, तिथे अभ्यास कसला होणार? आणि लातूरचं होस्टेल तीन मजली. आमच्या घरात मी आणि आई दोघीच. दोन खोल्या, वर स्लॅब. पोरगी उंबऱ्यापर्यंत आली, तिने दाराच्या चौकटीला हात लावला, मान वर करून छताकडे पाहिलं आणि मागे सरकली.

"ये की गं आत," आई म्हणाली.

"हितंच बरं वाटतंय, आज्जी."

तेव्हापासून ती अंगणात. जेवण पायरीवर, झोप बाजेवर, अभ्यास लिंबाखाली. लातूरच्या तिच्या शिकवणीचे मास्तर एसटीच्या कंडक्टरजवळ नोट्सचं पुडकं द्यायचे, ते मी स्टँडवरून आणायचे. त्या दिवसांत लातूरच्या शिकवण्यांचा बोलबाला नुकता सुरू झाला होता. माहूरच्या डोंगरापासनं आणि नायगावपासनं पोरं सतरंज्या काखोटीला मारून तिकडे निघाली होती. मास्तरांनी चिठ्ठीत लिहिलं होतं: 'मुलगी मेडिकलची आहे. वर्ष वाया जाऊ देऊ नका.' फिजिक्सची गणितं ती मुंग्या झटकत झटकत सोडवायची आणि उत्तरं बरोबर यायची. प्रश्न अभ्यासाचा नव्हताच. मार्चमध्ये लातूरच्या केंद्रावर सहा पेपर, एकेक तीन तासांचा, आणि डोक्यावर स्लॅब. तेवढे तीन तास तिला छताखाली बसता आलं नाही, तर लिंबाखालचं सगळं फुकट. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि आम्ही दोघी एकमेकींशी त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हतो.

मी काय केलं सांगू? वही काढली. भ्यालेला माणूस निर्णय कसा घेतो, त्याचा चालताबोलता नमुना माझ्या दारात येऊन बसला होता. ती पायरीवर किती वेळ बसते, कोणत्या आवाजाला उठते, सगळं तारीखवार टिपायला लागले. आईनं दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी वही ओढून घेतली.

"काय करून राहिलीस तू तिच्या मागं मागं? ढोराच्या बाजारात दात मोजतात तसं?"

मी म्हणाले, "आई, हे शास्त्र आहे." आईनं वही परत दिली, पण अशा नजरेनं दिली की अजून आठवली तरी माझे कान गरम होतात.

मग मी भाचीसाठी नियम लिहिले. पांढऱ्या कार्डावर, सुवाच्य अक्षरात. जर टांगलेला दिवा हलत नसेल आणि जर भांडी वाजत नसतील, तर धरणी स्थिर आहे. जर धरणी स्थिर आहे, तर आत बसावं. पोरगी गुणी. तिने पाच मिनिटांत पाठ केलं आणि विचारलं, "मावशी, वाऱ्यानं दिवा हलला तर?" मी नियम वाढवला. "मालमोटार गेली अन् भांडी वाजली तर?" आणखी एक. "कुत्री भुंकली तर? त्या दिवशीबी भुंकली होती म्हणतेत." कुत्र्यांसाठी मला तीन नियम लागले. पंधरा दिवसांत कार्डांची गड्डी झाली, रबर लावावं लागलं.

चाचणीच्या दिवशी ती दात आवळून आमच्या बाहेरच्या खोलीत आली. मधोमध उभी राहून एकेक नियम म्हणू लागली. नववा झाला, दहावा झाला. माझ्या छातीत आनंद मावेना. तेराव्याला रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला. डोळ्याचं पातं लवायच्या आत पोरगी अंगणात, आणि अंगणातून तेरावा नियम ऐकू येतोय: "जर जड वाहन जात असेल, तर भांड्यांचा आवाज धरू नये."

मी बाहेर गेले. ती लिंबाला धरून उभी होती.

"मावशी, मला सगळं पटतंय," ती म्हणाली. "पायाला पटत न्हाई."

दुसऱ्या दिवशी हे मी स्टाफरूममध्ये सांगून बसले. सरांचे डोळे चमकले. मला तेव्हा त्यांचा इतका राग आला की त्याच वर्षी मी त्यांच्याशी लग्न करीन असं कुणी म्हणालं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

"पायाला पटत नाही ना? मग पायालाच शिकवू. मॅडम, नियम बाजूला ठेवा. रोज थोडं थोडं. वजनं हळूहळू हलतात."

कॉलेजच्या मागे सरांची छोटी वर्कशॉप होती. तिथे त्यांनी तिला पहिल्या दिवशी पाच मिनिटं बसवलं. जवळ खारे शेंगदाणे, दार सताड उघडं. दुसऱ्या दिवशी सहा मिनिटं. भिंतीवर आलेखाचा कागद लावला आणि रोज त्यावर एक ठिपका द्यायचे. कधी ती उठून पळायची, तर सर काही न बोलता दुसऱ्या दिवशी दोन मिनिटं मागे घ्यायचे. काही समजावणं नाही, काही पटवणं नाही. मला ते बघवत नव्हतं आणि बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं. ठिपके वर चढत गेले. जानेवारी सरता सरता तिने एक अख्खा जुना पेपर तिथे सोडवला. तीन तास. बाहेरून ट्रक गेला तेव्हा तिने फक्त पेन थांबवलं.

सरांनी पेढे आणले. मला पेढा देताना म्हणाले, "ठरावावर सही करा, मॅडम." मी पेढा खाल्ला, सही नाही केली. रात्री अंगणात तिच्या शेजारी बाजेवर पडून मी मनातल्या मनात सरांची माफी मागितली, ती फक्त तिथेच.

फेब्रुवारीत सराव परीक्षेसाठी आम्ही तिघं लातूरला गेलो. मास्तरांनी एका शाळेचा हॉल घेतला होता. जिना चढून वर जायचं. भाची पहिली पायरी चढली, दुसरी चढली. तिसऱ्या पायरीवर थांबली, मान वर केली. तोच चेहरा, आमच्या उंबऱ्यात पाहिलेला. मग ती वळली आणि खाली मैदानात जाऊन मातीत बसली.

सर हादरले. "अगं, तू तीन तास बसली होतीस! सलग!"

"ते पत्रं होते, सर," ती म्हणाली. "पत्र्यानं काय व्हतंय? आमचं सगळं गाव पत्र्याखालीच हाय की."

सरांच्या वर्कशॉपला पत्रे होते. आम्ही दोघं उच्चशिक्षित, आमच्या ते ध्यानातच आलं नव्हतं. आम्हाला वाटलं पोरगी छताला सरावली. ती शिकली होती एवढंच, की पत्रा मारत नाही. सरांच्या जाळ्यानं मामांचा पाच ओळखला नव्हता, तसं.  परतीच्या एसटीत अहमदपूर आलं तेव्हा सर हळूच म्हणाले, "मामांचं अक्षर चांगलं होतं हो." मी हसले नाही. परीक्षेला महिना राहिला होता आणि आमच्या दोघांच्या पोतडीत काही उरलं नव्हतं. त्या आठवड्यात मी जेवण टाकलं नाही, पण काय जेवले ते आठवत नाही. रोज सकाळी पोरीच्या आधी जाग यायची, आणि लिंबाखाली ती उठून बसली की मी झोपेचं सोंग घ्यायचे. ती विचारील आणि मला उत्तर द्यावं लागेल, ही भीती. एम.फिल.ला अखेर एक खरा नमुना मिळाला होता, पण त्याची नोंद काही मी वहीत केली नाही.

परीक्षेसाठी रजा टाकून मी भाचीला घेऊन लातूरला एक खोली भाड्याने घेतली. घरमालकीण एक वयस्कर मुसलमान बाई. तीन पिढ्या शिलाईकाम. गल्लीतली पोरं त्यांना खाला म्हणायची, आम्हीही खालाच म्हणायला लागलो. खोलीपुढे अंगण होतं म्हणूनच मी ती घेतली होती. भाची अंगणात, खाला आत मशीनवर. वर सलग स्लॅब, त्याला आमच्या खोलीपर्यंत बोटभर तडा गेलेला.

त्या वर्षी लातूरला घरोघर एक गोष्ट दिसायची. कपाटावर नाहीतर कोनाड्यात एक तांब्या पालथा घातलेला, आणि त्याच्या बुडावर स्टीलचा पेला उभा केलेला. जमीन जराशी हलली की पेला खाली, खणखणाट, की सगळे बाहेर. खालांच्या मशीनसमोरच तो मांडलेला होता. भाची दोन दिवस अंगणातून आत बघत होती. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं.

"खाला, तुमाला भ्या वाटत न्हाई व्हय?"

"हौ बेटा, लई वाटतंय." खालांनी मशीनचा पाय थांबवला नाही. "रोज वाटतंय. पन मी भित बसले तर ब्लाउज कोन शिवनार? म्हनून मी त्याला सांगून ठेवलंय." त्यांनी हनुवटीनं पेल्याकडे दाखवलं. "घाबरायचं काम तांब्याचं. माझं काम शिवायचं. मी मधीमधी बघते फक्त, त्यो जागा हाय का झोपला."

 भाचीनं आमच्या पिशवीतून तांब्या काढला, पेला काढला, खोलीच्या उंबऱ्याच्या आत एक हात अंतरावर मांडला आणि स्वतः त्याच्यापाशी बसली. आत. तिचे पाय थरथरत होते. मी दाराआड उभी राहिले. या वेळी माझ्या हातात वही नव्हती.

शनिवारी सर नांदेडहून आले. मी त्यांना सांगितलं तर ते नाचायचेच बाकी राहिले. पण या वेळी ते शहाणे झाले होते. "एकाच छताखाली नको," म्हणाले. "जेवढी मिळतील तेवढी छतं." मग आमची वरात निघाली. खालांच्या ओळखीतली पिठाची गिरणी. मंगल कार्यालय. दर्ग्याशेजारचा दवाखाना. सोसायटीचं ऑफिस. पुढे भाची तांब्या घेऊन, मागे मी पेला घेऊन, त्यामागे सर घड्याळ घेऊन. गिरणीवाल्यानं विचारलं, "बाई, दळण आणलं न्हाई, तांब्याच आणला?" एक म्हातारी म्हणाली, "नवस हाय वाटतं." आम्ही म्हणालो, हो, नवसच. पोरगी आत जायची, तांब्या मांडायची, पेला ठेवायची, पेल्याकडे एकदा बघायची आणि वही उघडायची. आधी दहा मिनिटं, मग तास. ती आता मधेमधेच बघायची. परीक्षेच्या चार दिवस आधी मंगल कार्यालयात तीन तास झाले आणि एक मावशीबाई पंक्तीसाठी पाट मांडायला आली म्हणून आम्ही उठलो.

आमच्या आधीच एखाद्या शहाण्या माणसाच्या लक्षात आलं असतं, ते आमच्या लक्षात परीक्षेच्या आदल्या दिवशी आलं. परीक्षेच्या हॉलमध्ये तांब्या नेऊ देत नाहीत. केंद्रप्रमुखांनी मान हलवून सांगितलं, "पाणी आमची बाई देते. भांडंकुंडं आत नाही." मी विनवण्या केल्या. ते वाईट नव्हते. त्यांना नियम होता. नियमाच्या बाजूने आयुष्यभर भांडलेली मी, तिथे नियमाला शिव्या देत बाहेर आले.

भाचीचा नंबर खालच्या मजल्यावर, खिडकीशेजारी, तिसरा बाक. खिडकीतून कंपाउंडची भिंत दिसायची. ठरलं, की मी भिंतीपलीकडे तांब्या घेऊन राहायचं. भिंतीवर तो मांडू म्हटलं, तर वर फुटक्या बाटल्यांच्या काचा रोवलेल्या. केंद्र मुलींच्या शाळेत होतं आणि पोलिसांनी बाप्यांना रस्त्यापलीकडे हाकललं होतं, म्हणून सर पलीकडे पानटपरीपाशी. उरले मी. डाव्या तळहातावर पालथा तांब्या, त्यावर पेला, भिंतीपाशी पडलेल्या विटांवर चढून उभी. तीन तास.

घंटा झाली. भाची आत गेली. दारात एकदा थबकली, आणि मला वाटलं, गेलं सगळं. मग तिने खिडकीकडे पाहिलं. मी तांब्या उंच केला. ती बसली.

पहिला तास मी देवाचं नाव घेतलं नाही, श्वासही बेतानं घेतला. दंडात कळा यायला लागल्या. भाची लिहायची, मान वर करायची, बघायची, लिहायची. दुसऱ्या तासाला माझ्यामागे काठी आपटल्याचा आवाज आला.

"ओ बाई, काय करलालाव इथं?" हवालदार.

"उभी आहे."

"ते दिसलालंय. हातात काय हाय?"

"तांब्या."

"अन् त्याच्यावर?"

"पेला."

"असं. पेला इकडं सरकला की पहिलं उत्तर, तिकडं सरकला की दुसरं. मागल्या साली एकानं झाडाला रंगीत रुमाल बांधले होते. शिकलेली माणसं तुमी, लाज न्हाई वाटत?"

"दादा, कॉपी नाही हो ही. आत माझी भाची आहे. माळवदाखाली सापडली होती. हा पेला हलला नाही म्हणजे जमीन हलली नाही, एवढंच तिला कळायला पाहिजे. बघा, ती बघतेय, मी काही खूण करतेय का?"

हवालदार आतल्या बाजूला डोकावला. मग पेल्याकडे बघत राहिला. त्याचा आवाज खाली आला. "आमीबी अजून अंगणातच निजतो." मग म्हणाला, "तुमी काय करता?"

"प्राध्यापक आहे. कॉम्प्युटरची."

"अन् भूकंप हातात धरून मोजता?"

 हातात धरलेल्या भांड्यानं भूकंप कळत नाही, हात कळतो. पाचवीतल्या पोराला सुचलं असतं. आम्ही दोघांनी आदल्या संध्याकाळी कागदावर उंची काढली, खिडकीचा कोन काढला, आणि हे सुचलं नाही. आणि ते सुचल्याबरोबर माझा हात थरथरायला लागला. जितका आवरायला जावं तितका जास्त. पेला बुडावर किणकिणला, कडेला सरकला, आणि विटांवर आदळून ठणठणत लांब गेला.

भाचीनं मान वर केली.

पेला पडला की काय करायचं हे तिला नीट ठाऊक होतं. दारापर्यंत अकरा पावलं, मग उघडं मैदान, गुलमोहर. तिने आदल्या दिवशी पावलं मोजून ठेवली होती. मला ओरडता येईना. ओरडले तर दोनशे पोरी उठून पळाल्या असत्या, आणि हवालदार शेजारीच. मी हातात नुसता तांब्या धरून तिच्याकडे बघत होते. ती माझ्याकडे बघत होती. तिने पेन खाली ठेवलं. किती वेळ गेला सांगता येत नाही. मी माझे एकशे बेचाळीस नियम विसरले होते. सरांची वजनं विसरले होते. एवढंच डोक्यात होतं की पोरीला मीच उठवलं, आणि तेही जमीन हललेली नसताना.

तिने पेन उचललं आणि खाली मान घालून लिहायला लागली.

हवालदारानं पेला शोधून आणला, रुमालाच्या टोकानं पुसला आणि मला म्हणाला, "ठिवा पिशवीत आता." आणि तो तिथेच, माझ्या शेजारी, शेवटची घंटा होईपर्यंत काठीवर हात ठेवून उभा राहिला.

पेपरनंतर टपरीपाशी चहा घेताना माझ्याने राहवेना. "पेला पडला तेव्हा..."

"दिसला की."

"मग उठली का नाहीस?"

भाचीनं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "मावशी, आधी तुझा हात हलला. पेला मागनं पडला. धरणी हलली असती तर पोलिसबी हलला असता. त्यो तर नीट उभा होता."

सरांनी कप टेबलावर आपटला. "बघा! चार महिने ही तुमचे हात बघतेय, तुमचा चेहरा बघतेय. जाळं शिकलं! कुणी सांगितलं नव्हतं!"

"जाळं कसलं? जर हात आधी हलला, आणि जर पोलिस हलला नाही, तर धरणी स्थिर. सरळ जर-तर आहे, सर!"

"पण तो नियम तुमच्या कार्डात होता का?"

"तुमच्या पत्र्याखाली तरी होता का?"

"तुमचं झालं की सांगा," भाची म्हणाली. "मला केमिस्ट्री वाचायचीय." तिने माझ्या पिशवीतून खोलीची किल्ली काढून घेतली आणि गेली. आम्ही भांडण आवरून तासाभराने पोचलो तर ती अंगणात नव्हती. ती आत होती, तड्याखाली. दार उघडं होतं, पण ती आत होती.

सगळंच काही सुरळीत झालं नाही. बायोलॉजीच्या पेपराला बाहेरून खडीचा ट्रक गेला आणि ती उठून व्हरांड्यात पळाली. वीस मिनिटं बाहेर उभी होती. स्वतःच्या पायांनी परत आत गेली, पण वेळ गेला तो गेलाच. एम.बी.बी.एस. थोडक्यात हुकलं, ती आयुर्वेदाला गेली. त्या वीस मिनिटांचा विषय निघाला की आजही सर खोलीतून उठून जातात.

माझ्या प्रोग्रॅममध्ये एकशे त्रेचाळिसावी ओळ घालायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. जर हात आधी हलला. पण कोणता हात? कुणाचा? मावशीचा हात काळजीनं हलतो आणि हवालदाराचा हलत नाही, हे मशीनला कुठल्या ओळीत सांगायचं? एकेका ओळीला दहा ओळी लागत, त्या दहांना शंभर. सरांचं म्हणणंही तसं लंगडंच. त्यांच्या जाळ्याला शेकडो आकडे दाखवावे लागत, आणि पोरीनं पडलेला पेला पाहिला होता एकदाच. हे त्यांनी कबूल केलं, पण मला नाही, आमच्या जावयाला. मी शेवटी एकशे बेचाळीस ओळींचाच प्रबंध दिला. परीक्षकांना तो फार आवडला. घाबरलेल्या मनाचं अत्यंत सुस्पष्ट चित्रण, असं त्यांनी लिहिलं. तो कागद मी फ्रेम करून लावला होता, एवढी मी निर्लज्ज होते.

आता आमच्या फ्रीजवर तांब्या असतो आणि त्यावर पेला. नांदेडकडे अधूनमधून जमीन कुरकुरते. नात म्हणते, आजी, हे आता फोन सांगतो. यांच्या, म्हणजे सरांच्या, फोनमध्ये खरंच तसं काही आहे, आणि ते कसं शिकलंय हे यांना विचारलं की दोन तास मोडतात. गेल्या महिन्यात पेला पडला. फोन गप्प होता. मी आधी माझ्या हाताकडे पाहिलं. पण आता वयानं माझे हात सदाच थोडे थरथरतात, त्यांच्यावरून काही ठरत नाही. मग यांच्या चहाच्या कपाकडे पाहिलं, तर यांचेही हात तसेच. म्हणून मी रेणापूरला फोन लावला. तिथे भाचीचा दवाखाना आहे, दोन मजली.

"पेला पडला गं," मी म्हणाले.

"फ्रीज चालू झाला असंल, मावशी. पेशंट हायेत, ठेव."